बसून लिहिणारं माणूस

कोर्टात मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते नुसती एक तारीख मागायला. माझ्या सिनिअर वकिलांचा, म्हणजे सरांचा, शेजारच्या कोर्टात युक्तिवाद चालू होता, म्हणून त्यांनी मला इकडे पाठवलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमचे सिनिअर कुठे आहेत?" आणि मी म्हणाले, "न्हाय साहेब, ते तिकडं हायेत."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं. साहेबही हसले, पण त्यात वाईट हेतू नव्हता; घरातल्या लहान मुलानं पाहुण्यांसमोर काहीतरी बोलून जावं आणि मोठ्यांनी कौतुकानं हसावं, तसं ते हसू होतं. तारीख मिळाली. मी बाहेर येऊन जिन्याच्या वळणावर थांबले आणि काळ्या कोटाची बटणं लावत-काढत राहिले. हातांना दुसरं काही काम नव्हतं.

आमचं गाव खाडीकाठचं, खारजमिनीतलं. वडील तरुणपणी मिठागरात राबले आणि पुढे ट्रकवर गेले. चुलत्यांनी, चुलत भावांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या. घरात अन्नाची ददात नव्हती, पण कागद वाचून त्याचा अर्थ लावणारं कुणी नव्हतं. जमिनीचा काही कागद आला की वडील तो शर्टाच्या खिशात घालून तालुक्याला वकिलाकडे जायचे, आणि येताना त्यांचा चेहरा शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा असायचा. मी वकील व्हावं हे त्यांच्या मनात तिथूनच आलं. ‘हाय’ आणि ‘न्हाय’ हे हसण्याचे शब्द आहेत हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही सनद मिळाल्यावरच कळलं.

सर तालुक्यातले दिवाणी दाव्यांचे सर्वांत नावाजलेले वकील. चौलच्या वाडीत त्यांचं घर, आणि ओसरीला लागून असलेल्या खोलीत ऑफिस. माझ्यासारख्या ओळखपाळख नसलेल्या मुलीला त्यांनी ज्युनिअर म्हणून घेतलं याचंच आमच्या गावात अप्रूप होतं. कोर्टातलं हसू संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर गेलं होतं. मला वाटलं, रागावतील, किंवा निदान ‘जाऊ दे’ म्हणतील. ते दोन्ही म्हणाले नाहीत.

"उद्यापासून सकाळी लवकर ये," ते म्हणाले. "पेपर वाचायचा. मोठ्यानं. मी ऐकणार."

दुसऱ्या दिवसापासून मी ओसरीवर बसून अग्रलेख वाचायला लागले. सर झोपाळ्यावर डोळे मिटून बसायचे आणि चुकलं की नुसतं बोट वर करायचे.

"पानी नाही. पाणी. जीभ वर वळव."

"पाणी."

"काला म्हणजे गोपाळकाला. रंग असेल तर काळा. ळ म्हण. पुन्हा."

"काळा."

"लाजतेस कशाला? शिकायला लाज वाटत असेल तर गावी जा आणि मासे सुकव."

आमच्या घरात मासे कुणी सुकवत नव्हतं. पण ते सांगायलाही शुद्ध वाक्य लागलं असतं, म्हणून मी पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

सरांच्या पत्नी, मी त्यांना वहिनी म्हणायचे, चहा घेऊन यायच्या आणि दारात उभ्या राहून ऐकायच्या. स्वभावानं मायाळू बाई. एकदा मी अख्खा लेख न अडखळता वाचला तेव्हा त्या मनापासून म्हणाल्या, "आज अगदी आपल्यातली वाटलीस हो." त्या वाक्याचा मला त्या वेळी इतका आनंद झाला होता, की आज तो आनंद आठवला तरी अंगावर काटा येतो.

वर्षभरात माझी जीभ सरळ झाली. पुढे पुढे घरीही तीच भाषा तोंडून येऊ लागली. एकदा जेवताना मी आईला म्हणाले, "मला अजिबात भूक नाही, तू आग्रह करू नकोस." आई हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"गो, घरात पन कोर्टागत बोलतंस," ती म्हणाली. "आमी काय साक्षीदार हाव?"

वडील हसले. त्यांना अभिमान वाटत होता. आई हसली नाही.

सरांनी मला वाईट शिकवलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्यांच्यासारखं शिकवणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. नालायक गुरू असता तर त्याला विसरणं सोपं गेलं असतं.

मी लिहिलेला पहिला दावा त्यांनी वाचला आणि एका बोटानं टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "तुझा वादी फार रडतो," ते म्हणाले. "माणूस आपल्याकडे येऊन रडतो, ते ठीक आहे. दावा रडत नाही. दावा सांगतो. काय झालं, कधी झालं, कुणी केलं. रडायचं काम वाचणाऱ्यावर सोड."

मी पुन्हा लिहिला. त्यांनी पुन्हा सरकवला. "आता तुझा वादी भांडतोय." पुन्हा लिहिला. "आता तो वकिलासारखा बोलतोय. तो स्वतः वकील असता तर इथं आला असता का?" असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. शेवटी एकदा त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "चालेल."

‘चालेल’ ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी. मी त्या शब्दावर जगले. ज्या दिवशी ‘चालेल’ मिळायचं त्या दिवशी एसटीत उभ्यानं घरी जातानाही पाय दुखायचे नाहीत.

त्यांनी मला साक्षीदार बघायला शिकवलं. "कागदाकडे बघू नकोस, त्याच्या हातांकडे बघ. माणूस तोंडानं खोटं बोलत असला तरी हातांचं पाठांतर झालेलं नसतं." त्यांनी मला गप्प राहायला शिकवलं. समोरच्या वकिलाची चूक लक्षात आली तर ती लगेच दाखवायची नाही. तिला वाढू द्यायची. हे सगळं त्यांनी मला हातचं न राखता दिलं. फक्त ते वापरायला दिलं नाही.

कारण उभे राहायचे ते. मी मागे बसायचे. माझ्या वाट्याला तारखा मागणं, नकला काढणं आणि लिहिणं. तालुक्यात बोललं जायचं की सरांनी घातलेला दावा म्हणजे दगडी भिंत. त्या भिंतीचा एकेक दगड मी रचलेला असायचा. सर युक्तिवाद करायचे तेव्हा त्यांच्या तोंडून माझी वाक्यं जशीच्या तशी बाहेर पडायची आणि मागच्या खुर्चीत माझे ओठ त्यांच्याबरोबर हलायचे. सुरुवातीला त्यातही सुख होतं. आपली मूर्ती दुसऱ्यानं गाभाऱ्यात नेऊन बसवली तरी मूर्तिकाराला बरं वाटतंच ना, तसं.

सहा-सात वर्षं अशी गेली. मग आमच्या कोर्टासाठी सहायक सरकारी वकिलाची एक जागा निघाली. मी अर्ज केला. निवड करणाऱ्यांनी तालुक्यातल्या जुन्या वकिलांचं मत विचारलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे मी निर्धास्त होते. माझ्याबद्दल मत कोण देणार? सरच.

जागा सरांच्याच दुसऱ्या ज्युनिअरला मिळाली. तो माझ्यानंतर चार वर्षांनी आलेला. आवाज मोठा, उंची चांगली, चालण्यात ऐट. त्याच्या अर्जांतल्या चुका मीच दुरुस्त करायचे. मुलगा वाईट नव्हता. पेढे देताना त्याला माझ्याकडे बघवेना.

संध्याकाळी ऑफिसात सर एकटे होते. मी उभ्यानंच विचारलं, "सर, तुम्हाला माझ्याबद्दल विचारलं होतं का?"

"विचारलं होतं," ते म्हणाले. चष्मा काढून ठेवला. काही लपवायचा त्यांचा विचारच नव्हता. "मीच सांगितलं त्यांना, की तिला नका घेऊ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"हे बघ," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुझ्यासारखं दिवाणी लिखाण या जिल्ह्यात कुणाला जमत नाही. हे मी तुझ्या तोंडावर पहिल्यांदा बोलतोय. पण तू उभ्यानं बोलणारं माणूस नाहीस. तू बसून लिहिणारं माणूस आहेस. प्रत्येकाचा पिंड असतो. मी तुला तिथं पाठवलं असतं आणि तुझी फजिती झाली असती, ती मला बघवली नसती."

"पण तुम्ही मला कधी उभं केलंतच नाही, सर."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत मला तसं कधी वाटलंच नाही. याचा अर्थ काय तो तूच लाव."

त्यांनी मला शिकवलेल्या सगळ्या विद्येत या एका वाक्याला उलटा प्रश्न विचारायची जागा नव्हती. आणि सगळ्यांत वाईट भाग असा, की मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. माझ्या प्रत्येक ओळीबद्दल ज्या माणसाचं म्हणणं खरं निघालं होतं, त्याचं माझ्याबद्दलचं म्हणणं खोटं कसं असेल? मी घरी गेले, जेवले, झोपले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या ऑफिसात गेले. तिसऱ्या दिवशीही. लोकांना वाटतं अपमान झाला की माणूस ताडकन उठतो. मी कित्येक महिने उठले नाही.

उठले ते एका टेबलामुळे. त्या वर्षी दिवाळीनंतर सरांनी आतल्या खोलीत माझ्यासाठी नवं टेबल करून घेतलं. सुताराकडून मुद्दाम बनवलेलं, फणसाच्या लाकडाचं, पायाशी पाट, दिव्याची सोय. खिडकीतून पोफळींची बाग दिसायची. वहिनींनी त्यावर हळदीकुंकू वाहिलं होतं.

"आता पक्षकारांचा त्रास नाही," सर खुशीत म्हणाले. "आतच बस. शांतपणे लिही. जन्मभराची सोय झाली बघ तुझी."

मी त्या टेबलाशी बसले. लाकडाला नव्या पॉलिशचा वास होता. बाहेरच्या खोलीतून सरांचा आणि कुठल्यातरी पक्षकाराचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. खुर्ची अगदी माझ्या मापाची होती. मला तिथे इतकं बरं वाटलं, की मी घाबरले. आणखी एक महिना या खुर्चीत बसले तर मी इथून कधीच उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं. संध्याकाळी मी सरांना सांगितलं की मी आता स्वतःचं काम बघणार आहे.

ते रागावले नाहीत. दुखावले. "टेबल आवडलं नाही का?" त्यांनी विचारलं.

कोर्टाच्या फाटकाशी पत्र्याची शेड आहे. तिथे स्टॅम्प विकणारे, टायपिंगवाले, झेरॉक्सवाले बसतात. त्यांच्यात मी एक टेबल टाकलं. लोक यायचे, पण शपथपत्र टाइप करून घ्यायला. "तुम्ही सरांच्या ऑफिसातल्या लिहिणाऱ्या बाई ना?" असं म्हणायचे. कुणी दाव्याचं बोलायला आलंच तर मध्येच विचारायचं, "पन सरांला दाखवलाव का ह्यो?" मी माझ्याच गावातल्या माणसांना माझ्याबद्दल खात्री देऊ शकत नव्हते. बार रूममध्ये एक ज्येष्ठ वकील सगळ्यांसमोर म्हणाले, "सरांनी एवढं केलं, आणि बाई निघून गेल्या. हल्ली कृतज्ञता राहिली नाही." मी माझी फाइल उचलली आणि बाहेर आले.

छोटी कामं मिळायला लागली तेव्हा मी उभी राहू लागले, आणि सर बरोबर होते असंच वाटायला लागलं. कागदावर लखलखीत असलेला मुद्दा तोंडातून बाहेर पडताना मळायचा. प्रत्येक वाक्य बोलण्याआधी मी ते मनात तपासायचे: ‘ण’ आहे का, ‘ळ’ आहे का. तेवढ्यात समोरचा वकील मधे घुसायचा.

त्या सुमारास आमच्या कोर्टात नव्या न्यायाधीश बाई बदलून आल्या होत्या. एका अर्जावर माझं बोलणं झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "वकीलबाई," त्या म्हणाल्या, "तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण तुम्ही तो माफी मागितल्यासारखा मांडता. इथे तुमची परीक्षा चाललेली नाही. मला फक्त प्रकरण समजून घ्यायचंय."

एवढंच. त्यांनी पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. भर कोर्टात बोलल्या, चारजणांनी ऐकलं, तरी मला अपमान वाटला नाही. या बाईंना माझ्याकडून काही नको होतं. मला घडवायचं नव्हतं, राखायचं नव्हतं, मिरवायचंही नव्हतं. त्यांनी मला चार वाक्यांत जे दिलं ते मी पुढे वर्षानुवर्षं पुरवून वापरलं. त्यांचे आभार मानायचे राहिले. पुढे त्यांची बदली झाली.

त्यांच्याच कोर्टात माझं एक मोठं प्रकरण चाललं. आमच्या शेजारगावची एक विधवा. नवरा गेल्यावर दिरानं घरगुती वाटणीचा कागद पुढे केला होता, त्यावर हिचा अंगठा, की रस्त्यालगतची जमीन मी राजीखुशीनं दिराला सोडते. त्या पट्ट्यात आता मुंबईच्या लोकांचे बंगले उठत होते, तेव्हा राजीखुशी कुठून आली ते कळण्यासारखं होतं. बाई सांगत होती, मला कागद आठवतच नाही. दिराचे वकील होते सर.

सगळं एका साक्षीदारावर होतं. अंगठा आपल्यासमोर उठवला असं सांगणारा शेजारी. सरांनी त्याची तयारी उत्तम करून घेतली होती. तो पिंजऱ्यात उभा राहून छापल्यासारखं बोलला: "सदर कागद वाचून दाखवण्यात आला. तिने तो समजून उमजून मान्य केला." पण त्याचे हात पिंजऱ्याच्या कठड्यावर सारखे काहीतरी पुसत होते. असली भाषा या माणसानं आयुष्यात कधी वापरली नसणार. ती माझ्या शुद्ध भाषेसारखीच त्याच्या तोंडात बाहेरून बसवलेली होती.

हे मला त्याच्या सरतपासातच, म्हणजे सर त्याला प्रश्न विचारत होते तेव्हाच, कळलं, आणि पुढची तारीख उलटतपासाला मिळाली. त्या मधल्या दिवसांत मी आईपुढे बसले. तिला म्हटलं, मला आपलं बोलणं पुन्हा नीट यायला हवंय. तिला आधी चेष्टा वाटली. मग मी बोलायला लागले आणि तिनं हात वर केला.

"तसा न्हाय बोलत कोन," ती म्हणाली. "नाटकातली वाटतंस तू. परत बोल."

मी परत बोलले. तिनं पुन्हा थांबवलं. माझी आई मला माझीच भाषा दुरुस्त करून देत होती, आणि माझं चुकत होतं. एकदा तिला हसू आलं, मलाही आलं, आणि मग दोघींचंही हसू मध्येच कुठेतरी मावळलं. ती उठून भांडी घासायला गेली.

उलटतपासाच्या दिवशी मी पहिले चार-पाच प्रश्न कोर्टाच्या भाषेतच विचारले. उत्तरं छापील आली. मग मी सहज विचारलं, "दादा, त्या दिशी ही वयनी कुठं बसली व्हती? वट्यावर का घरात?"

तो गोंधळला. माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "घरात. बसली कुठली, निजली व्हती ती."

सर ताडकन उभे राहिले. "बाईसाहेब, माझी हरकत आहे. हे कोर्ट आहे, बाजार नव्हे. वकिलांनी कोर्टाच्या भाषेत बोलावं."

न्यायाधीश बाई म्हणाल्या, "साक्षीदाराला कळतंय. मलाही कळतंय. तुम्हाला कळत नसेल तर वकीलबाई सांगतील. पुढे विचारा."

"निजली का व्हती?" मी विचारलं.

"ताप व्हता ना. फनफनली व्हती. सुद कुठं व्हती तिला?"

"मंग आंगठा तिनं कसा दिला?"

"आमी धरला ना हात," तो म्हणाला. अगदी सरळ, शेजाऱ्याला मदत केल्याचं सांगावं तसं. मग त्याचे हात कठड्यावर थांबले. मी आणखी एकही प्रश्न विचारला नाही. कुठे थांबायचं हे मला शिकवणारा माणूस समोर बसला होता.

निकाल आमच्या बाजूनं लागला. त्या दिवशी दुपारी मी बार रूममध्ये शिरले तेव्हा आत टाळ्या वाजत होत्या. मी दारातच थबकले. टाळ्या माझ्यासाठी असतील असं क्षणभर वाटलं. सर मध्यभागी बसले होते, हरलेले असून प्रसन्न.

"अरे, हरलो खरा," ते सांगत होते, "पण कुणापुढे? मी घडवलेली पोर आहे ती. साक्षीदाराचे हात बघायला कुणी शिकवलं तिला? विचारा. या, बाई, या! चहा घ्या."

सगळ्यांनी सरांचं अभिनंदन केलं. असा गुरू मिळायला भाग्य लागतं, असं मला चारचौघांनी सांगितलं. मला कृतघ्न म्हणणारे ते ज्येष्ठ वकीलही त्यात होते. मी चहा घेतला. त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं खोडून काढणं पूर्ण खोट्यापेक्षा अवघड असतं. जो प्रश्न विचारून मी जिंकले होते, तो ज्या भाषेत विचारला ती त्यांनीच माझ्या तोंडातून काढून टाकली होती. हे त्या खोलीत कुणाला सांगणार?

त्या विधवेचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. दिरानं अपील केलं. ही बाई आणखी वर्षानुवर्षं थांबायला तयार नव्हती. मला न विचारता तिनं दिराशी तडजोड केली, आणि आज त्या जमिनीवर पांढऱ्या भिंतींचे तीन बंगले आहेत. रस्त्यात भेटते तेव्हा ती माझ्याशी गोड बोलते. "तू लई चांगला बोललीस त्या दिशी," म्हणते. मी नाटकात काम केलं होतं जणू.

सरांनी वकिली थांबवली तेव्हा वकील मंडळींनी त्यांचा सत्कार ठेवला. शिष्यांच्या वतीनं मी बोलावं असं ठरलं. मी नाही म्हटलं. मग सरांचा स्वतःचा फोन आला: "तूच बोल. दुसऱ्या कुणाचं ऐकण्यात मला रस नाही." मी गेले.

शाल, नारळ, पोफळीच्या पानांची कमान. वहिनी पहिल्या रांगेत, थकलेल्या. मी बोलायला उभी राहिले. मी जे बोलणार होते ते मी लिहून नेलं नव्हतं. सरांनी मला काय काय शिकवलं ते सगळं सांगितलं; त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. मग मी म्हणाले, "आणि सरांनीच मला सांगितलं होतं की मी उभ्यानं बोलणारं माणूस नाही. ज्यांनी विचारलं त्यांनाही त्यांनी तसंच सांगितलं. त्या एका वाक्यातून बाहेर यायला मला वकिली शिकायला लागली त्याहून जास्त वर्षं लागली."

सभागृह हसलं. खदखदून. सरांच्या कडकपणाचा एक किस्सा म्हणून सगळ्यांनी ते घेतलं. सर तर डोळे पुसत हसत होते. फक्त वहिनी हसल्या नाहीत. त्या मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे बघत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर सरांनी मला बोलावलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "छान बोललीस," ते म्हणाले. "ते शेवटचं मात्र जरा आधी यायला हवं होतं. लोकांनी हसून घेतलं की पुढे गंभीर बोलता येतं."

एसटीत बसल्यावर विचार केला, तर त्यांचं बरोबरच होतं.

आता मला चांगलं काम आहे. शेड सुटली, कोर्टासमोरच्या गल्लीत दोन खोल्यांचं ऑफिस आहे. ज्युनिअर मी ठेवत नाही. लोक म्हणतात, बाईंना घमेंड आहे. मध्यंतरी श्रीवर्धनकडची एक मुलगी आली होती. नुकती सनद घेतलेली. आपण लिहिलेला एक अर्ज सोबत आणला होता. मी वाचला. बरा होता. कुठे काय चुकलंय ते मला दिसत होतं आणि ते कोणत्या शब्दांत सांगायचं तेही तोंडाशी तयार होतं. शब्द सरांचे होते. आवाजही त्यांचाच आला असता.

"माझ्याकडे जागा नाही," मी तिला म्हणाले.

तिनं खोलीतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"ती पक्षकारांची आहे," मी म्हणाले.

ती दुसऱ्या एका वकिलाकडे लागली. गेल्या आठवड्यात माझं प्रकरण पुकारायच्या आधी ती तारीख मागायला पुढे आली. शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. एकही शब्द जास्तीचा नव्हता. बाहेर व्हरांड्यात ती माझ्यासमोर आली आणि जरा थांबली. मी काहीतरी म्हणेन असं तिला वाटलं असावं. माझ्या हातात कागदांचा गठ्ठा होता. मी तिला वाट करून दिली आणि पुढे गेले.